साडेतीन हजार वेळा बरोबर

देवरुखजवळच्या आमच्या घरात आत्याची एक वही आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी लिहायला ठेवतात तसली. पण तिच्यात उधारी नाही. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, पोटात सोडलेलं पाणी, पोटातून निघालेलं पाणी आणि शेवटी एकच शब्द: ‘स्वच्छ’. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. दिवसाच्या चार ओळी. गणपतीत चार, भावाच्या लग्नाच्या दिवशी चार, वीज गेलेल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात लिहिलेली चौथी ओळ जरा तिरकी, पण तीही आहे.

आत्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि ती घरीच पोटाचं डायलिसिस करते. डॉक्टर त्याला सीएपीडी म्हणतात, घरात आम्ही नुसतं ‘बॅग’ म्हणतो. “आत्याची बॅग चालू आहे” म्हटलं की त्या खोलीचं दार कुणी उघडत नाही.

तिचा आजार समजून घेताना माझी गाठ पडली ती आकड्यांशी. आणि आकडे मांडत गेलो तसतसं लक्षात आलं, की ही बाई रोज काय करते आहे याचा घरातल्या कुणालाही अंदाज नव्हता. तिला स्वतःलाही नव्हता.

धडधाकट माणसाची दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळतात. कोकणातल्या न्हाणीघरात पाण्याचा जो निळा पिंप असतो, तो जवळजवळ भरेल इतका, आणि तोही रोज. त्यातलं जवळपास सगळं शरीर परत घेतं आणि लघवी म्हणून बाहेर पडतं ते फक्त दीड-दोन लीटर. एकेका मूत्रपिंडात या कामासाठी साधारण दहा लाख गाळण्या असतात. त्या बंद पडल्या की शरीराला दुसरी गाळणी शोधावी लागते.

ती पोटातच असते. आतडी, जठर, यकृत यांच्यावरून फिरलेलं आणि पोटाच्या भिंतीला आतून लागलेलं एक पातळ आवरण, पेरिटोनियम. ते उलगडून पसरलं तर भरेल एक ते दोन चौरस मीटर, म्हणजे मध्यम खिडकीच्या पडद्याएवढं. पोटात साखरेचं निर्जंतुक पाणी सोडायचं, चार ते आठ तास ठेवायचं, या आवरणातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून युरिया, क्रिएटिनिन आणि जास्तीचं पाणी त्यात उतरू द्यायचं, मग ते काढून नवं भरायचं. यंत्र नाही, सुई नाही, आठवड्यातून तीनदा शहर गाठणं नाही. आत्याच्या गावाहून डायलिसिसचं यंत्र असलेलं रुग्णालय इतकं लांब आहे, की ही पद्धत नसती तर तिचं निम्मं आयुष्य एसटीत गेलं असतं.

एका बॅगेत दोन लीटर. दिवसाला आठ लीटर, वर्षाला २,९२० लीटर. गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या दिसतात, तशा जवळपास तीन टाक्या पाणी एका बाईच्या पोटातून वर्षभरात ये-जा करतं. महिन्याची खोकी टेम्पोतून येतात. १२० बॅगा म्हणजे नुसतं पाणीच २४० किलो. माजघराच्या एका भिंतीला छातीइतकी उंच थप्पी लागते. पूर्वी तिथे भाताची पोती असत.

त्या पाण्यातली साखरही मोजून बघितली. दीड टक्क्याच्या एका बॅगेत ३० ग्रॅम, अडीच टक्क्यांच्या बॅगेत ५० ग्रॅम. पहिल्या प्रकारच्या तीन आणि दुसऱ्या प्रकारची एक धरली तर दिवसाला १४० ग्रॅम, वर्षाला ५१ किलो. म्हणजे आत्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त साखर दर वर्षी तिच्या पोटात ओतली जाते आणि तिच्यातली निम्म्याहून अधिक रक्तात शोषली जाते. मधुमेही माणसाला ही पद्धत इतकी जपून का वापरावी लागते ते एवढ्यावरून कळतं.

एका बॅगेला अर्धा तास लागतो. दिवसाचे दोन तास, वर्षाचे ७३० तास, म्हणजे तीस अख्खे दिवस आणि तीस अख्ख्या रात्री. प्रत्येक वेळी आधी मिनिटभर साबणाने हात धुवायचे असतात, बोटांच्या बेचक्यांसकट, नखांखालून. वर्षाचा हिशेब चोवीस तासांच्या वर जातो. वर्षातला एक पूर्ण दिवस आत्या फक्त हात धुण्यात घालवते.

हे सगळं एका क्षणासाठी असतं. पोटातून बाहेर आलेल्या नळीच्या टोकाचं, म्हणजे ट्रान्सफर सेटचं, टोपण काढायचं आणि नव्या बॅगेची नळी जोडायची. दोन-तीन सेकंदांचं काम. त्या दोन-तीन सेकंदांत पोटाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड बाहेरच्या जगाला उघडं असतं. मास्क हवा, पंखा बंद हवा, खिडकी बंद हवी. मे महिन्यात कोकणात पंखा बंद करून, तोंडाला मास्क बांधून, घामाचा थेंब नळीच्या तोंडावर पडू न देता ती जोडणं काय असतं ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. मांजर मनी खोलीबाहेर. मांजराच्या तोंडातला पाश्चुरेला नावाचा जंतू नळी चावल्या-चाटल्याने पोटात गेल्याची प्रकरणं जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. दारामागून ती केविलवाणी ओरडते, पण आत्या दार उघडत नाही.

बोटांवर काय असतं? तळहाताच्या एका चौरस सेंटिमीटरवर हजारो ते लाखो जंतू सहज सापडतात. त्यातला नेहमीचा रहिवासी स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. व्यास सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरात हजार जण ओळीने उभे राहतील. पोटात जाणाऱ्या नळीचं भोक जेमतेम अडीच मिलिमीटरचं आहे. आपल्याला ते सुईच्या नेढ्यासारखं वाटतं, पण या जंतूसाठी ती अडीच हजार जण खांद्याला खांदा लावून शिरतील अशी वेस आहे. कातडीवर हा जंतू कुणाचं काही बिघडवत नाही. नळीच्या सिलिकॉनवर बसला की मात्र स्वतःभोवती चिकट थर विणतो. त्या थराच्या आत त्याला मारायला नेहमीच्या कितीतरी पट, कधी हजार पटीपर्यंत, प्रतिजैविक लागतं.

पोटही एकीकडे दुबळं झालेलं असतं. एरवी त्या पोकळीत पन्नास मिलिलीटरही द्रव नसतो आणि त्यात जंतू गिळणाऱ्या पेशी दाटीने पहारा देत असतात. तिथे आपण दोन लीटर ओततो, म्हणजे पहारा किमान चाळीस पट विरळ होतो. शिवाय ते पाणी आम्लधर्मी आणि साखरेचं, पेशींना न मानवणारं. दर बॅगेला पहारेकरी पाण्याबरोबर वाहून जातात. त्यांच्याबरोबर रोज पाच ते पंधरा ग्रॅम प्रथिनंही जातात. दहा ग्रॅम धरली तर वर्षाला साडेतीन किलोंहून जास्त. म्हणून पेरिटोनियल डायलिसिसच्या, म्हणजे पीडीच्या, रुग्णाला डॉक्टर अंडं खा, डाळ खा, उसळ खा म्हणून मागे लागतात. रक्तातलं अल्ब्युमिन उतरलं की संसर्गाचा धोका वाढतो.

आता गणित. वर्षाला १,४६० जोडण्या. समजा, रुग्ण ९९.९ टक्के बिनचूक आहे. परीक्षेत इतके गुण मिळाले तर पेपरात फोटो येतो. पण प्रत्येक चुकीतून संसर्ग होतो असं धरलं, तर हजारात एक चूक म्हणजे वर्षाला सरासरी दीड संसर्ग, आणि अशा शंभर जणांपैकी वर्षभर एकदाही संसर्ग न झालेले निघतील जेमतेम तेवीस. दहा हजारांत एक चूक झाली, म्हणजे ९९.९९ टक्के अचूकता साधली, तरी शंभरातले चौदा जण वर्षभरात केव्हातरी पोटदुखीने वाकडे होतील. माणसाच्या हातून होणारं दुसरं कोणतं काम आपण घरात, कुणाच्या देखरेखीवाचून, इतक्या अचूकतेने मागतो? मला सुचलेलं नाही.

आणि जग हे मागतं आणि मिळवतंही. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादा घातली: एका रुग्णामागे वर्षाला पेरिटोनायटिस, म्हणजे पेरिटोनियमचा हा संसर्ग, ०.४० पेक्षा जास्त नको. अडीच वर्षांत एक. दिवसाला चार बॅगांच्या हिशेबाने ३,६५० जोडण्यांमागे एक. सात देशांतल्या सात हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत अमेरिकेत हा दर ०.२६, जपानमध्ये ०.२७ आणि थायलंडमध्ये ०.४० निघाला. जगात या पद्धतीवर तीन लाख माणसं धरली आणि प्रत्येकी चार बॅगा मानल्या, तर रोजच्या बारा लाख जोडण्या आणि वर्षाच्या जवळपास ४४ कोटी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, देवघराशेजारी, दुकानाच्या पोटमाळ्यावर, ट्रकच्या केबिनमध्येसुद्धा.

इथवर यायला अर्धं शतक लागलं. १९७६ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी ही सतत चालणारी पद्धत मांडली, तेव्हा पाणी काचेच्या बाटल्यांत येई. पहिल्या रुग्णांना साधारण दर दहा आठवड्यांनी पेरिटोनायटिस होत होता, वर्षाला पाच वेळा. आजच्या मर्यादेच्या तेरा पट. टोरांटोत ओरिओपोलस यांनी बाटलीच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आणली. ती घडी करून कपड्यांखाली ठेवता येई, त्यामुळे नळी सोडा-जोडायच्या खेपा घटल्या. नंतर इटलीतल्या डॉक्टरांनी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दुतोंडी नळी वापरली. नळी जोडल्यावर आधी घाण पाणी बाहेर काढायचं, नळी धुऊन घ्यायची आणि मगच नवं आत सोडायचं. जोडताना जंतू शिरलाच असेल तर तो पोटाकडे न जाता बाहेरच्या पिशवीकडे वाहून जाईल. एवढ्याशा अदलाबदलीने संसर्ग जवळजवळ तिपटीने कमी झाले. नवं औषध लागलं नाही. कोणत्या क्रमाने काय करायचं एवढंच बदललं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत सुंदर वाटते ती ही गोष्ट. भारतात ही पद्धत १९९१ मध्ये सुरू झाली, तोवर जगाची ही शिकवणी बरीचशी पुरी झाली होती.

वहीत जवळपास अडीच वर्षं ‘स्वच्छ’ आहे. मग एका सकाळी आत्याने निघालेल्या पाण्याची पिशवी नेहमीप्रमाणे पेपरवर धरली. हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: पिशवीतून छापील अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. त्या दिवशी मथळासुद्धा वाचता आला नाही. पोटात कळा, अंगात कणकण. आम्ही गाडी करून तिला शहरात नेलं.

तिथे दाखल करताना एका तरुण डॉक्टरने केस पेपरवरून मान न उचलता विचारलं, “हात नीट धुतले नव्हते का?” आत्या काहीच बोलली नाही. रात्री मात्र मला म्हणाली, “अरे, माझ्याकडूनच काहीतरी राह्यलं असेल रे. परवा फोन वाजला तेव्हा मी जरा घाई केली होती.” ती दोन दिवस त्या फोनमध्येच अडकून होती.

मी बाहेरच्या बाकावर बसून वही उघडली आणि ओळी मोजल्या. दोनदा मोजल्या. ३,५४१.

पाण्याच्या तपासणीत एका मायक्रोलीटरमध्ये २,४०० पांढऱ्या पेशी निघाल्या. १०० च्या वर गेल्या आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असले तर संसर्ग मानतात. दोन लीटर म्हणजे वीस लाख मायक्रोलीटर. त्या एका पिशवीत ४८० कोटी पेशी होत्या. पृथ्वीवरच्या निम्म्याहून अधिक माणसांची संख्या जेवढी, तेवढ्या पेशी एका रात्रीत आत्याच्या पोटात लढायला उतरल्या होत्या, आणि अक्षरं झाकली गेली होती ती त्यांच्या गर्दीने. आपण ज्याला गढूळ पाणी म्हणतो ते बहुतांशी आपलंच सैन्य असतं.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला. जंतू होता ई. कोलाय. हा मुख्यतः आतड्यात राहणारा जंतू. मोठ्या आतड्यातल्या एका ग्रॅम मळात एकूण सुमारे दहा हजार कोटी जंतू असतात, आणि त्यांच्या व पोटातल्या पाण्याच्या मध्ये असते आतड्याची काही मिलिमीटरची भिंत. एरवी ती पुरते. पण बद्धकोष्ठ झालं, आतडं सुस्तावलं, की जंतू भिंतीतून झिरपू शकतात. रक्तातलं पोटॅशियम उतरलं की आतड्याचे स्नायू मंदावतात, आणि पोटॅशियम कमी असणं हा या संसर्गाचा जोखमीचा घटक म्हणून अनेक ठिकाणी दिसून आला आहे. आत्याचं पोटॅशियम कमीच निघालं. पोट साफ होत नसल्याचं ती पंधरा दिवस सुनेला सांगत होती आणि सून इसबगोल देत होती. डॉक्टरांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. पुरेसं पोषण मिळालं तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट झाला, तर एकाचे होतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. पोटातल्या पाण्यात हा वेग इतका नसतो, पण एक रात्र पुरते ती या हिशेबाने.

म्हणजे हात धुतलेले होते. जंतू आतून आला होता, असंच सगळं सांगत होतं.

हे मी आत्याला सांगितलं, आणि इथे लिहितो आहे तेही त्यासाठीच. पेरिटोनायटिस झाला की पहिला संशय रुग्णाच्या हातांवर जातो. हात महत्त्वाचे आहेतच. स्पर्शातून होणारे संसर्ग खरे आहेत, आणि संसर्गानंतर रुग्णाला सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवावं ही शिफारसही योग्य आहे. पण सगळं हातांतच असतं, तर रात्री यंत्राने पाणी बदलणाऱ्यांना चौथ्या हिश्श्याइतकेच संसर्ग व्हायला हवे होते, कारण ते दिवसातून एकदाच यंत्राला जोडले जातात. तसं दिसत नाही. दोन पद्धतींत ठाम फरक सापडलेला नाही, आणि संसर्गाच्या भीतीवरून त्यातली एक निवडू नये असंच जाणकार सांगतात.

वाटा अनेक आहेत. दर चार-पाच माणसांत एकाच्या नाकपुड्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस कायमचा राहतो. तो बोटांवरून नळी कातडीबाहेर पडते त्या जागी पोचतो, तिथून बोगद्यासारखा नळीच्या कडेने आत सरकतो. म्हणून त्या जागेला रोज म्युपिरोसिन लावायचं. दात काढायचा असो की कोलोनोस्कोपी, आधी प्रतिजैविक घ्यायचं, कारण तोंडातले आणि आतड्यातले जंतू त्या निमित्ताने वाट शोधतात. विहिरीत पोहायचं नाही, ओढ्यात उतरायचं नाही. मधुमेह, लठ्ठपणा, उदासीनता, गरिबी, दमट हवा यांचाही धोक्याशी संबंध दिसला आहे. आत्यासारख्या कोकणातल्या सत्तरीच्या मधुमेही बाईला यातले निम्मे घटक जन्माबरोबर आणि पत्त्याबरोबरच मिळालेले असतात. तिच्या हातात उरतो तो साबण, आणि तो तिने ३,५४१ वेळा वापरला होता.

धोका लहान नाही. शंभर संसर्गांत मृत्यू पाचांहून कमी होतात, पण पीडीवरच्या रुग्णांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे सोळा टक्क्यांत पेरिटोनायटिस हे थेट किंवा मोठं कारण असतं. पाच दिवसांत पाणी निवळलं नाही तर सहसा नळी काढावी लागते, बुरशी असेल तर लगेच. मग हीच पद्धत पुन्हा करता येईल याची खात्री नसते. त्या पाच दिवसांत आम्ही पाण्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. रोज पिशवी, रोज पेपर. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी फोटोची चौकट. तिसऱ्या दिवशी मोठा मथळा. चौथ्या दिवशी आत्याने चष्मा मागितला, पिशवी पेपरवर ठेवली आणि हापूसच्या पेटीचा भाव वाचून दाखवला.

प्रतिजैविक एकवीस दिवस बॅगेतूनच चाललं. तोवर नर्स घरी येऊन गेल्या, जुनीच उजळणी नव्याने झाली. पोटॅशियम वाढवलं, पोट साफ राहण्याचं औषध सुरू झालं, आणि दोन दिवस शौचाला झालं नाही तर फोन करायचा हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुनेने लाल पेनाने लिहून ठेवलं.

वही संपत आली होती, म्हणून मी नवी आणली. पहिल्या पानावर ‘१’ घालायला निघालो तर आत्याने हात धरला. म्हणाली, “मागचे काय झाले? पुढचा आकडा घाल.” मी मागचा हिशेब काढला, आकडा घातला. तिने पंखा बंद करायला सांगितला, मास्क बांधला, मनीला बाहेर काढलं आणि नळाखाली हात धरले.